मदत हवी आहे : रामकुंडापर्यंत कमीत कमी चालून कसं पोचावं?

कॉलेज सोडून 30 वर्षं झालेले आम्ही सहा जण एका रविवारी मुंबईहून तपोवन एक्स्प्रेसने नाशिकला येतोय, संध्याकाळी परत. नाशिकरोडहून दिवसभराची गाडी ठरवली आहे. कॉलेज रोड, मिसळ वगैरे सोपं आहे. अडलंय ते गोदावरीच्या घाटावरच्या रामकुंडावर. एका मैत्रिणीचा गुडघा बदललाय. तीव्र उतार आणि ओल्या दगडी पायऱ्या तिला जमत नाहीत, पण तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीसमोर पाच मिनिटं तरी तिला उभं राहायचंच आहे. नकाशा पाहिला, त्यात चढउतार कळत नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडल्याने नदी चढलेली असेल तर तारीख पुढे ढकलू. मालेगाव स्टँडकडून उतरावं की सराफ बाजाराच्या बाजूने? आणि रविवारी सकाळी गाडी नेमकी कुठपर्यंत जाऊ देतात?