केळीचा जाहीर भाव १,६५०, हातात ११००. दीड एकरवाल्याने काय करावं?

मंडळी, मदत हवी आहे. जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यात दीड एकर केळी आहे. जी-नाइन जातीची, ५ बाय ५ फुटांवर साधारण २,६०० रोपं. त्यातली दीडशेक सीएमव्ही या विषाणूजन्य रोगामुळे उपटून गाडली.

गेल्या आठवड्यात पहिली कापणी झाली, ४२ क्विंटल. त्या दिवशी रावेर बाजाराचा जाहीर भाव क्विंटलला १,६५० होता. व्यापारी बागेत आला, फणीवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "अकराशे. पटत असेल तर उद्या मजूर पाठवतो." वर घडाच्या दांड्याचं वजन म्हणून क्विंटलमागे ८ किलो कापले, ते वेगळेच. म्हणजे ६९ हजारांच्या जागी साडेबेचाळीस हजार, आणि तेही पंधरा दिवसांनी.

थांबावं म्हटलं तर घड भरल्यावर केळी थांबत नाही. चार दिवस गेले की झाडावरच पिवळं पडायला लागतं, मग दिल्लीच्या गाडीत तो घड कोण घालणार? व्यापाऱ्याला हे माझ्याइतकंच ठाऊक आहे.

खरी सल वेगळी आहे. शेजारच्या बारा एकरवाल्याला त्याच व्यापाऱ्याने त्याच दिवशी १५०० दिले. माल दोघांचा सारखाच, पण त्याच्या एका बागेत गाडी भरते. माझ्याकडे अर्धीही नाही.

चार-पाच लहान शेतकऱ्यांनी मिळून गाडी भरायचं कुणी केलंय का? आणि घडाला पिशवी घालून, फण्या कमी ठेवून निर्यातीचा माल करणं दीड एकरात परवडतं का? (विमा काढलाय, पण तो हवामानाचा. भाव पडल्यावर त्यातून काही मिळत नाही.)

पिवळं_पान: बाजार समितीत तक्रार टाका की.

धागाकर्ता: गेलो होतो भाऊ. २०१६ मध्ये फळं-भाजीपाला नियमनातून निघाला, बागेतल्या सौद्यात आम्ही काय करणार, असं ऐकून परत आलो.

चोपडेकर: दादा, आम्ही चौघं मिळून करतो. पण कापणीच्या तोंडावर माणसं गोळा करून ते जमत नाही. रोपं एकाच रोपवाटिकेतून एकदम आणली, एकाच आठवड्यात लावली, म्हणून घड एकदम तयार होतात. पहिल्या वर्षी एकाने आठ दिवस उशिरा लावली, तर त्याचा माल कापणीला कच्चाच राहिला आणि भांडणं झाली. आता वजन प्रत्येकाचं वेगळं, काट्याची पावती वेगळी, भाव मात्र एकच ठरतो. निर्यातीचं म्हणाल तर कंटेनरला साधारण २० टन माल लागतो. एकट्याने त्या वाटेला जाऊ नका. पिशव्यांचा आणि मजुरीचा खर्च करून माल शेवटी लोकल भावातच गेला, असं आमच्यातल्या एकाचं झालंय.

धागाकर्ता: पुढच्या लागवडीला हे नक्की करतो. पण दुसरी कापणी दहा दिवसांवर आलीय, तिचं काय?

चोपडेकर: बारा एकरवाल्याची कापणी कधी आहे ते विचारा. त्याच दिवशी, त्याच गाडीत तुमचा माल घाला. सौदा त्याला करू द्या, पण पावती तुमच्या नावाची घ्या.

धागाकर्ता: माणूस बरा आहे, नाही म्हणणार नाही. पण फुकट कसं सांगायचं? अशा वेळी क्विंटलमागे काही द्यायची पद्धत आहे का तुमच्याकडे?