तेल कंपन्या युद्ध घडवतात, की त्यांना युद्ध आयतं मिळतं?

पानगळ: रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्या 2022 सालात एक्सॉनने जवळपास 56 अब्ज डॉलर नफा कमावला, शेलने सुमारे 40 अब्ज. तिकडे माणसं मरतायत आणि इकडे भागधारक मालामाल. यात कंपन्यांचा हात किती असतो?

बोरू: बहुतेक वेळा आयतं मिळतं, आणि मला त्याचाच जास्त संताप येतो. एखादी जुनी विहीर घ्या. खोदाई केव्हाच झालेली, पाइपलाइन टाकलेली, पगार ठरलेले. पिंपभर तेल काढायला युद्धाआधी जेवढा खर्च, साधारण तेवढाच नंतर. भाव मात्र जागतिक बाजारात ठरतो. मार्च 2022 मध्ये ब्रेंट, म्हणजे ज्याच्यावरून जगातला तेलाचा भाव मोजतात ते तेल, पिंपाला 130 डॉलरच्या वर जाऊन आलं. वरचा पैसा कंपनीचा, त्यासाठी कुणाला फोनसुद्धा करावा लागला नाही.

पण इराणची गोष्ट वेगळी. मी इतिहास शिकवते, हा भाग आला की माझा आवाज चढतोच. 1951 मध्ये तिथे ब्रिटिश कंपनीच्या हातातल्या तेलाचं राष्ट्रीयीकरण झालं. 1953 मध्ये सीआयए आणि ब्रिटिश गुप्तहेरांनी पंतप्रधान मोसादेघ यांचं सरकार उलथवलं. पुढच्याच वर्षी इराणच्या तेलाची वाटणी झाली: जुन्या ब्रिटिश कंपनीला 40 टक्के, अमेरिकी कंपन्यांना मिळून 40, शेलला 14, फ्रेंचांना 6. याआधी इराणच्या तेलात अमेरिकी कंपन्यांचा वाटाच नव्हता!

खडूफळा: आणि इराक? 2003 ची लढाई तेलासाठीच होती ना?

बोरू: तेलाचा विचार नव्हता असं मी म्हणणार नाही, पण हिशोब तितका सरळ नाही. 2009 मध्ये बगदादला लिलाव झाला. रुमैला या तेलक्षेत्रासाठी ब्रिटनची बीपी आणि चीनची सरकारी तेल कंपनी सीएनपीसी यांनी तेल काढून देण्याचा मोबदला म्हणून पिंपामागे 3.99 डॉलर मागितले. इराक 2 डॉलरवर अडून बसला आणि तेवढ्यावरच सौदा झाला. एक्सॉनला ते परवडेना. लढाईतून हमखास कमावलं ते कंत्राटदारांनी. तेलविहिरींची कामं करणाऱ्या हॅलिबर्टनची तेव्हाची उपकंपनी केबीआर बघा, तिला अमेरिकी लष्कराची कंत्राटं मिळाली. अमेरिकेचे उपाध्यक्ष होण्याआधी डिक चेनी हॅलिबर्टनचे प्रमुख होते.

पानगळ: मग करायचं काय?

बोरू: युद्धाने फुगलेल्या नफ्यावर जादा कर लावायचा, आणि तो पळवाटा न ठेवता. ब्रिटनने मे 2022 मध्ये 25 टक्के लावला, पण नव्या तेल-वायू गुंतवणुकीवर भली मोठी सूट दिली. युरोपीय संघाने किमान 33 टक्के ठरवला, तर एक्सॉन थेट कोर्टात गेली.