मदत हवी आहे: लॅपटॉपचं वायफाय ५४ एमबीपीएसच्या वर जातच नाही, एन्क्रिप्शनला टीकेआयपी दिसतंय

नमस्कार मंडळी, वायफाय अडॅप्टरच्या सेटिंगमधलं कोणाला नीट कळत असेल तर प्लीज सांगा. लालबागला चाळीत राहतो, धाकट्या बहिणीचे सीईटीचे ऑनलाइन क्लास चालू आहेत आणि बाबा पेन्शनचं, बँकेचं सगळं त्याच लॅपटॉपवर बघतात, त्यामुळे स्पीडपण हवाय आणि सिक्युरिटीत ढिलाई अजिबात नकोय.

प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, मोबाइलवर जवळपास तेवढा मिळतो पण, लॅपटॉप राउटरच्या शेजारी नेऊन ठेवला तरी वायफाय स्टेटसमध्ये स्पीड ५४ च. विंडोज १० आहे, अडॅप्टर आतलाच, ८०२.११ एसी (वायफायचा नव्यातला प्रकार) वाला. वायरलेस प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी टॅब बघितला तर डब्ल्यूपीए२-पर्सनल (घरच्या वायफायची पासवर्डवाली सिक्युरिटी) आणि खाली एन्क्रिप्शन टाइप टीकेआयपी (डेटा लॉक करायची जुनी पद्धत). राउटर नेटवाल्याने बसवून दिलाय, त्यात 'डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए२ मिक्स्ड, टीकेआयपी+एईएस' असं आहे (एईएस म्हणजे त्यातली नवी पद्धत). मग फक्त लॅपटॉपवर एईएस करू का राउटरवरूनही टीकेआयपी काढू? घरात जुना वायफाय प्रिंटर आहे, तो अडकला तर बहिणीच्या नोट्स अडतील.

दुसरं म्हणजे डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबला प्रिफर्ड बँड, चॅनल विड्थ, रोमिंग अ‍ॅग्रेसिव्हनेस असं बरंच काही आहे. आमच्या मजल्यावरच इतकी नेटवर्कं दिसतात की लिस्ट संपत नाही, तर यातलं नक्की काय बदलायचं? आणि लॅपटॉप बॅटरीवर असला की क्लास मध्येच तुटतो, चार्जर लावला की ठीक.

प्रतिसाद:
दादा, ५४ चं कारण टीकेआयपीच. ८०२.११ एन आणि त्यापुढचे स्पीड टीकेआयपीवर चालतच नाहीत, अडॅप्टर कितीही चांगला असला तरी जुन्या ८०२.११ जी च्या स्पीडवर येतो. शिवाय टीकेआयपी आता कमकुवत धरतात, बँकेचं काम असेल तर काढूनच टाका. राउटरवर डब्ल्यूपीए२-पीएसके (म्हणजे पर्सनलच), फक्त एईएस ठेवा आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा. मग लॅपटॉपवर ते नेटवर्क फर्गेट करून पासवर्ड टाकून परत जोडा, नाहीतर जुनं प्रोफाइल टीकेआयपीच धरून बसेल. प्रिंटर २००६ नंतरचा असेल तर काळजी नको, मार्च २००६ ते जून २०२० वायफाय सर्टिफिकेशनसाठी डब्ल्यूपीए२ (म्हणजे एईएसही) सक्तीचं होतं.

डब्ल्यूपीए३ चा (डब्ल्यूपीए२ च्या पुढची सिक्युरिटी) मोह झाला तर आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेटश डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' टाइप करा (अर्थात इंग्रजीत), तिथल्या ऑथेंटिकेशनच्या यादीत डब्ल्यूपीए३-पर्सनल नसेल तर राउटरवर नुसतं डब्ल्यूपीए३ ठेवू नका, लॅपटॉप जोडलाच जाणार नाही.

अ‍ॅडव्हान्स्डमध्ये प्रिफर्ड बँड ५ गिगाहर्ट्झ करा, चाळीत तोच मोकळा मिळतो. २.४ गिगाहर्ट्झची चॅनल विड्थ २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० केली तर शेजाऱ्यांशी जास्तच भिडते. २.४ चा चॅनल मात्र राउटरवरूनच बदलतो, १, ६ किंवा ११ पैकी जिथे गर्दी कमी तो. रोमिंगला (एका राउटरवरून दुसऱ्यावर जायचं सेटिंग) हात लावू नका, राउटर एकच आहे ना. बॅटरीचं म्हणाल तर पॉवर ऑप्शन्समध्ये वायरलेस अडॅप्टर सेटिंग्जला ऑन बॅटरीसमोर मॅक्सिमम परफॉर्मन्स करा, आणि पॉवर मॅनेजमेंट टॅब दिसत असेल तर वीज वाचवायला डिव्हाइस बंद करू देणारी टिकपण काढा.

आणि एक, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बाबांची बँक त्यावर आहे म्हणून आवर्जून सांगतोय, ते वायफायपेक्षा मोठं काम आहे.

धागाकर्ता:
मनापासून धन्यवाद! फर्गेट करून परत जोडल्यावर आता एईएस दिसतंय, ५ गिगाहर्ट्झवर स्पीड ४३३ आला. प्रिंटरपण जोडला गेला. बॅटरीचं सेटिंग केलंय, ते उद्याच्या क्लासला कळेल. या लॅपटॉपवर विंडोज ११ चालतं का ते आजच बघतो, अडलं तर इथेच विचारेन.