मदत हवी आहे: जुनं घर घेण्याआधी तपासणी कुणाकडून करून घ्यावी?

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात एक जुनं रो-हाऊस पसंत पडलंय, पण टोकन द्यायला हात धजावत नाही. मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर गेलीय, करंगळीचं नख सहज आत जातं. मालक म्हणतात, नुसतं प्लास्टर तडकलंय. पण काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया हलला असेल तर? बाथरूममागच्या भिंतीला ओल, आणि तेवढ्याच भागाला ताजा रंग! बँकेचा व्हॅल्युअर येईल, पण तो किंमत ठरवायला. रिबाउंड हॅमरने (काँक्रीट न फोडता त्याची मजबुती अंदाजायचं उपकरण) कॉलम-बीम तपासून लेखी रिपोर्ट देणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून कुणी काम करून घेतलंय का? फी साधारण किती पडली? आई-बाबांची आयुष्यभराची पुंजी यात जाणार आहे, म्हणून कळकळीने विचारतोय.