पगाराचं राहू दे, पेन्शनचं बोला
मुलांसाठी घरी थांबणाऱ्या पालकाला जोडीदाराने पगार द्यावा की नाही, यावर एवढी खडाजंगी चाललीय, पण खरा फटका म्हातारपणी बसतो. नोकरी सुटली की निवृत्तीसाठी साठणारे पैसेही थांबतात. तापातलं मूल खांद्यावर घेऊन एका हाताने कुकर लावणाऱ्याला तेव्हा ते सुचणार कुठून?

जर्मनीत १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे, त्याला सांभाळणाऱ्या पालकाच्या पेन्शनमध्ये ३ वर्षं जमा धरतात. ब्रिटनमध्ये १२ वर्षांखालच्या मुलाचा 'चाइल्ड बेनिफिट', म्हणजे मुलासाठीचा सरकारी भत्ता, ज्याच्या नावावर, त्याला सरकारी पेन्शनसाठीचं क्रेडिट मिळतं. (गंमत म्हणजे काही घरांत अर्ज कमावत्याच्याच नावाने भरतात, आणि ज्याला गरज त्याच्या हाती भोपळा!)

सरकार करेल तेव्हा करेल. तोवर घरी असलेल्याच्या नावाने दर महिन्याला निवृत्तीसाठी काही रक्कम परस्पर जायला हवी, मागायला न लावता. आणि मुलं शाळेत जायला लागली म्हणून ती लगेच बंद करू नका. इतक्या खंडानंतर जुन्या पगारावर परत कोण घेतंय?