आबांच्या डिस्चार्ज बुकात नसलेली मेडलं

प्रेषक: न्यू जर्सीची सदस्य, सध्या मुक्काम राजारामपुरी, कोल्हापूर

मंडळातल्या सर्वांना नमस्कार,

ज्यांच्या घरात कुणी पलटणीत होतं त्यांनी हे जरूर वाचावं. मला मार्ग हवा आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १९६६ ची भरती, १९८३ साली नाईक म्हणून पेन्शनवर आले. १९७१ च्या लढाईत ते पूर्वेच्या आघाडीवर होते, पण स्वतःच्या पलटणीत नव्हते. दुसऱ्या एका युनिटला अटॅच केलं होतं. तिथे मांडीत तोफगोळ्याचे तुकडे घुसले. मग हॉस्पिटल, मग लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीमुळे खालची श्रेणी, मग बेळगावला रेजिमेंटच्या सेंटरवर बदली. एक तुकडा अजून आत आहे. थंडी पडली की आबा तो पाय पोटाशी घेऊन बसतात.

परवा त्यांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे पलटणीतून सुटताना मिळालेलं नोकरीचं पुस्तक, पहिल्यांदा नीट वाचलं. मेडलांच्या रकान्यात दोनच नोंदी आहेत: सैन्य सेवा मेडल आणि नऊ वर्षांचं लाँग सर्व्हिस मेडल. १९७१ चं काहीच नाही. जखमेचं तर नाहीच. गावात १६ डिसेंबरला विजय दिवसाचा कार्यक्रम असतो. ७१ च्या सैनिकांची यादी डिस्चार्ज बुकं बघूनच केली, त्यामुळे आबांचं नाव त्यात आलं नाही. ते काही बोलले नाहीत. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही.

इथल्या एका कार्यालयात विचारलं तर उत्तर मिळालं, "ताई, आता पन्नास वर्षांनी काय करायचंय? त्याचे पैसे थोडेच मिळतात?" पैसे नकोच आहेत. जे घडलं ते कागदावर यावं, एवढंच मागणं आहे. सुरुवात कुठून करू?

—

प्रेषक: सुभेदार काका, टोरांटो

पोरी, आबांना माझा जय हिंद सांग.

मी जंगी पलटणीचा, म्हणजे पहिल्या मराठाचा. जमालपूरला होतो. ११ डिसेंबरला जमालपूर पडलं आणि पुढे टांगाईलच्या बाजूला उतरलेल्या २ पॅराला, म्हणजे दुसऱ्या पॅराशूट पलटणीला, आमची पलटण जाऊन मिळाली. तीही मुळात मराठ्यांचीच, जुनी तिसरी पलटण. हे सांगतो ते मोठेपणासाठी नाही. त्या दिवसांत कोण कुणाबरोबर कुठे होता हे बघायला कागद मागाहून धावत आला, एवढं ध्यानात घे.

मूळ कारण हे आहे. ७१ ची मेडलं, म्हणजे पूर्वेच्या आघाडीचा पूर्वी स्टार, पश्चिमेचा पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, लढाईत जाहीर झाली नव्हती. ती १९७३ साली आली. तोवर किती जण बदलून गेले, किती जण घरी गेले. मेडल आलं की युनिटमध्ये हक्कदारांचा नॉमिनल रोल, म्हणजे नावांची यादी, बनतो. जो हजर तो रोलवर येतो. आबा तेव्हा सेंटरवर. मूळ पलटणीला वाटलं, ज्यांच्याकडे अटॅच होता ते पाठवतील. त्यांना वाटलं, माणूस आपला नाही, त्याची पलटण बघून घेईल. अटॅच असलेल्या आणि जखमी होऊन मागे गेलेल्या माणसांचं असंच व्हायचं. तुझे आबा दोन्ही होते.

आता कामाचं. सैनिकाच्या नोकरीतली प्रत्येक गोष्ट, लग्न असो, मूल असो, बढती, जखम, मेडल, ती पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे सैनिकांच्या नोंदींच्या अधिकृत आदेशात, छापली गेली तरच शीट रोलवर, म्हणजे त्याच्या नोकरीच्या मूळ नोंदपत्रकावर, चढते. डिस्चार्ज बुकात उतरतं ते तिथून. म्हणून डिस्चार्ज बुक दुरुस्त करून द्या असं लिहू नकोस. कुणी भला माणूस पेनाने ओळ लिहून शिक्का मारून देतो म्हणाला तरी घेऊ नकोस. पार्ट टू ऑर्डर निघायला हवी. आबा मराठ्यांचे, तेव्हा त्यांची कागदपत्रं बेळगावच्या मराठा रेकॉर्ड ऑफिसला. अर्ज त्यांच्या नावे आणि त्यांच्याच सहीने. कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठव, शिवाय एक प्रत थेट बेळगावला स्पीड पोस्टाने. पोच जपून ठेव.

एक नशीब चांगलं आहे: आबा पेन्शनर आहेत. बिनपेन्शनचा माणूस असता तर त्याची कागदपत्रं पंचवीस वर्षांनी नष्ट करतात, मग हातात काही उरत नाही.

"१९७१ ची मेडलं द्या" असं मोघम लिहिलंस तर उत्तरही मोघम येईल. प्रत्येक मेडलाची पात्रता वेगळी आणि पुरावाही वेगळा. पंचविसाव्या स्वातंत्र्य वर्धापन दिनाचं मेडल, त्याला १५ ऑगस्ट १९७२ रोजी नोकरीत असणं पुरे. भरती आणि निवृत्तीची तारीख बघितली की झालं, ते तुझ्या यादीत नाही पण आबांचा त्यावर हक्क आहे. संग्राम मेडलाला ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात ठरवून दिलेल्या इलाक्यात नोकरी लागते, त्यात पश्चिम बंगाल, आसाम, मेघालय, त्रिपुरा सगळे येतात. पूर्वी स्टारला प्रत्यक्ष लढाईच्या भागात असल्याचा कागद हवा: अटॅचमेंटची ऑर्डर, मूव्हमेंट ऑर्डर, असं काही. आणि जखमेचं, पूर्वीचं वूंड मेडल, आता पराक्रम पदक म्हणतात, त्याला जखम शत्रूच्या कारवाईतच झाली हे सिद्ध व्हायला लागतं. म्हणजे बॅटल कॅज्युअल्टीचा (लढाईत जखमी झाल्याचा) रिपोर्ट किंवा मेडिकल बोर्डाचे कागद.

चार मेडलांचे चार परिच्छेद कर. आणि जखमेच्या पेन्शनचा विषय यात घालू नकोस. तो अर्ज वेगळा, त्याची वाट वेगळी. दोन्ही एका कागदावर आले की फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते आणि मेडल कुणाच्याच अंगावर येत नाही.

—

प्रेषक: ह्यूस्टनचे सदस्य

ताई, भावना समजते, पण १६ डिसेंबर तोंडावर आलाय. कॅन्टोन्मेंटच्या बाजारात मेडलं आणि रिबिनी सगळं तयार मिळतं. माझ्या मामांची तुटलेली रिबन तिथूनच आणली होती. आत्ता घेऊन आबांच्या कोटावर लावा, कागदाचं नंतर बघता येईल. आबांनी लढाई केली आहे, त्यांना कोण अडवणार?

—

प्रेषक: न्यू जर्सीची सदस्य, कोल्हापूर

दादा, तुम्ही मायेनं सांगताय हे कळतं. पण आबांपुढे हा विषय काढला तेव्हा त्यांनी ट्रंक उघडून सैन्य सेवा मेडल काढलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. मेडलाच्या कडेवर, नाण्याच्या जाडीएवढ्या जागेत, त्यांचा नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं आहे. अक्षरं इतकी बारीक की उजेडात तिरपं धरल्याशिवाय दिसत नाहीत. आबा म्हणाले, "दुकानातल्याची कड कोरी असते. कोरं मेडल लावून मी कुणापुढे उभा राहू?"

ज्याचं मिळालेलं मेडल हरवलं त्याची गोष्ट निराळी. आबांना ते दिलंच गेलं नाही. त्यांच्या नोंदीत जे नाही ते त्यांच्या छातीवर मी लावणार नाही.

त्या कडेने आणखी एक काम केलं. तिथे नावाचं इंग्रजी स्पेलिंग आधार कार्डापेक्षा वेगळं आहे, एक अक्षर कमी. शीट रोलवर तेच असणार. म्हणून अर्जात आता दोन्ही स्पेलिंगं देते आहे.

काका, तुम्ही सांगितलंत तसे चार परिच्छेद केले. प्रश्न असा: रेकॉर्डमध्ये नक्की काय आहे ते आधी बघावं म्हणून मी माहिती अधिकारात ऑनलाइन अर्ज टाकू का?

—

प्रेषक: बोस्टनच्या सदस्य

ताई, तुम्ही नका टाकू. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा भारतीय नागरिकांसाठी आहे. आपल्यातल्या बहुतेकांकडे आता अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीयाचं कार्ड आहे, ते नागरिकत्वात मोडत नाही. शिवाय दुसऱ्याची सेवापत्रं खासगी माहिती म्हणून नाकारता येतात. आबांनी स्वतः टाकायचा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस, न मिळाल्यास पहिलं अपील. आणि मागायचं ते नेमकं: शीट रोलच्या मेडलांच्या पानाची प्रत, तसंच नोव्हेंबर १९७१ ते डिसेंबर १९७२ या काळातल्या त्यांच्या नावाच्या पार्ट टू ऑर्डरींच्या प्रती. "का दिलं नाही" असं विचारू नये, कारण "का"चं उत्तर कागदात नसतं, आणि माहिती अधिकारात असलेलाच कागद मिळतो.

रेकॉर्ड ऑफिसने लेखी नकार दिलाच तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबईला खंडपीठ आहे. पण तो फार पुढचा टप्पा झाला.

—

प्रेषक: डेट्रॉइटचे सदस्य

अमेरिकेतला अनुभव सांगतो, आबांच्या कामी येईल.

आमच्या शेजारी कोरियाच्या लढाईतले एक आजोबा राहायचे. त्यांच्या डीडी-२१४ वर, म्हणजे इथल्या डिस्चार्जच्या कागदावर, जखमेचं पर्पल हार्ट नव्हतं. कागदपत्रं सेंट लुइसच्या रेकॉर्ड सेंटरला. तिथे १२ जुलै १९७३ ला आग लागली आणि नोव्हेंबर १९१२ ते जानेवारी १९६० या काळात सुटलेल्या आर्मीच्या माणसांच्या जवळजवळ ८० टक्के फायली जळाल्या. आजोबांचीही त्यातच. मूळ फाइलच नाही म्हटल्यावर मला वाटलं प्रकरण संपलं. पण संपलं नाही. तिथले लोक बाजूच्या कागदांवरून नोंद उभी करतात: पगाराच्या याद्या, युनिटचे रोजचे हजेरी रिपोर्ट, हॉस्पिटलमध्ये भरती झाल्याच्या नोंदी. आजोबांचं नाव हॉस्पिटलच्या नोंदीत सापडलं. मग दुरुस्तीचा वेगळा कागद निघाला, डीडी-२१५. जुना डीडी-२१४ कुणी खोडला नाही, त्याला हा जोडला गेला.

म्हणून ताई, मुख्य फाइलवर सगळा भार टाकू नका. माणूस नेमका कुठे होता हे त्याच्याभोवतीच्या कागदांत शोधा. हॉस्पिटलची चिठ्ठी, रजेचा पास, आणि लढाईतून घरी आलेली पत्रं सुद्धा.

—

प्रेषक: सुभेदार काका, टोरांटो

डेट्रॉइटकर, पत्रांचं बरोबर बोललात. पोरी, आईच्या ट्रंकेत बघ. त्या काळी पूर्वेच्या फौजेचा पत्ता ९९ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस), पश्चिमेचा ५६ एपीओ. पाकिटावर फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारखेचा ठसा असतो. एकट्या पत्रावर पूर्वी स्टार मिळत नाही, पण ज्या युनिटला अटॅच होते त्याचं नाव पाठवणाऱ्याच्या पत्त्यात असेल. ते मिळालं की कोणत्या युनिटची कागदपत्रं उघडायची हे बेळगावला कळेल. सरकारी माणसाला रस्ता दाखवला तर तो चालतो.

—

प्रेषक: न्यू जर्सीची सदस्य, कोल्हापूर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. थोडी प्रगती आहे, म्हणून लिहिते.

आईने आबांची पत्रं जुन्या इरकलीच्या घडीत ठेवली होती. १९७१ च्या डिसेंबरातली दोन आंतर्देशीय पत्रं निघाली. दोन्हीवर ९९ एपीओ, आणि मागच्या बाजूला आबांच्या हातचा पूर्ण पत्ता: नंबर, नाव, "अटॅच्ड" आणि युनिटचं नाव. आबांना ते युनिट आठवत होतं, पण कंपनी आठवत नव्हती. ती पत्रावर आहे. झेरॉक्स साक्षांकित करून अर्जाला जोडल्या आणि आबांना घेऊन बेळगावला गेले. निपाणी ओलांडल्यावर ते ताठ बसले ते गेटपर्यंत. तिथल्या हवालदारांनी अर्ज ओळीने वाचला आणि म्हणाले, चार गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्यात म्हणून तपासणं सोपं जाईल.

आता पत्र आलंय. स्वातंत्र्य वर्धापन दिनाच्या आणि संग्राम मेडलाच्या पार्ट टू ऑर्डरी निघाल्या, नंबर आणि तारखेसह. मेडलं मागाहून येतील. पूर्वी स्टारसाठी अटॅचमेंटची पडताळणी सुरू आहे, पत्रावरच्या युनिटकडे विचारणा गेली. जखमेचं मात्र अडलंय. शीट रोलवर लो मेडिकल कॅटेगरी चढलेली आहे, पण कारणाच्या जागी नुसतं "इन्ज्युरी" लिहिलंय. शत्रूच्या गोळ्याने की अपघाताने, ते नाही. बॅटल कॅज्युअल्टीचा रिपोर्ट त्यांच्याकडे सापडला नाही, तो किंवा मेडिकल बोर्डाची प्रत मागितली आहे. काही जण म्हणाले, दोन मिळाली ना, आता पुरे करा. मी पुरे करणार नाही. तो तुकडा अपघाताने आत गेलेला नाही, आणि आबांसमोर तसं लिहिलेलं राहू देणं मला मान्य नाही.

म्हणून सर्वांना विनंती. तुमच्या घरी, नात्यात, कागल, शिरोळ, गडहिंग्लज, चंदगड, आजरा, जिथे कुठे कुणी डिसेंबर १९७१ मध्ये पूर्वेच्या आघाडीवर फील्ड अॅम्ब्युलन्समध्ये (आघाडीजवळच्या वैद्यकीय तुकडीत) किंवा लष्करी हॉस्पिटलात कामाला असेल, नाहीतर जखमी म्हणून तिथे असेल, त्यांना विचारा: जखमींच्या याद्या पुढे कुठल्या हॉस्पिटलला जात होत्या? आबांना पहिला तंबू आठवतो, मग रेल्वेचा डबा आठवतो, मधलं काही आठवत नाही. त्यांच्याबरोबर त्या डब्यात सैनिक टाकळीचा एक जवान होता. हात गेला होता त्याचा, आबांना नाव आठवत नाही. तो किंवा त्याच्या घरचं कुणी ओळखीचं निघालं तर मला लगेच कळवा. त्याच्या कागदांवर हॉस्पिटलचं नाव असेल, आणि तिथेच आबांचंही सापडेल.

अर्जाचा मसुदा ज्यांना हवा त्यांनी मला थेट लिहावं, पाठवते. सुभेदार काका, आबा तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणतात. रविवारी तुमच्या सकाळी चालेल का?