सुशासन की कारभार? (आणि 'शाश्वत'चं काय करायचं?)

अनुवादवाली: एका सहकारी बँकेच्या वार्षिक अहवालाचं मराठी करतेय. एका प्रकरणाचा मथळा झालाय 'डिजिटल बँकिंगमध्ये शाश्वतता व सुशासन तत्त्वांचे एकात्मीकरण'. सभासद बहुतेक सोलापूरच्या पूर्व भागातले, यंत्रमागवाले, विड्या वळणाऱ्या बायका. गव्हर्नन्स आणि सस्टेनेबिलिटीला काय म्हणू?

निवृत्त रोखपाल: 'शासन' नको. आपल्याकडे शासन म्हणजे सरकार, नाहीतर शिक्षा. बँकेचा कारभार असतो. कर्ज कुणी मंजूर केलं, संचालकाच्या भाच्याला किती दिलं, सगळं त्यात येतं.

अनुवादवाली: पण 'बारभाई कारभार' आठवतो ना लगेच!

निवृत्त रोखपाल: आठवू दे की. खरे बारभाई १७७४ मध्ये राघोबादादांना पुरून उरले, शब्द मात्र गोंधळाला चिकटला. १०० कोटी किंवा त्याहून जास्त ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँकांनी संचालक मंडळाच्या जोडीला जाणकारांचं व्यवस्थापन मंडळही नेमावं, असं रिझर्व्ह बँकेनं २०१९ च्या अखेरीस सांगितलं. त्याशिवाय नव्या शाखा नाहीत. तुमचं गव्हर्नन्स ते हेच.

मागवाला: शाखेत कारभारी दिसतो तरी. ॲपवर कोण? माझ्या पुतण्याला दोन मिनिटांत कर्ज मिळालं, देणारा कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही.

निवृत्त रोखपाल: म्हणून तर २०२२ चे डिजिटल कर्जाचे नियम आले. पैसे देणाऱ्याच्या खात्यातून थेट घेणाऱ्याच्या खात्यात, आणि सगळा खर्च धरून वार्षिक दर एका कागदावर आधी दाखवायचा. त्या कागदाला 'मुख्य तथ्य विवरण' म्हणतात. 'कर्जाचा गोषवारा' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

अनुवादवाली: गोषवारा घेतला! आणि शाश्वत?

मागवाला: शाश्वत कीर्तनात. टिकाऊ म्हणाल तर आमची चादर.

निवृत्त रोखपाल: 'पुरणं' बघा. उन्हाळ्यात पाणी पुरवून वापरतो, तसं. पुढच्यांना पुरेल असा व्यवहार.

मागवाला: आणि ग्रीन डिपॉझिट?

निवृत्त रोखपाल: हरित ठेव, म्हणजे जिचा पैसा पर्यावरणाला पूरक कामांनाच द्यायचा. रिझर्व्ह बँकेची चौकट १ जून २०२३ पासून लागू झाली, पण ती व्यापारी बँकांना आणि ठेवी घेणाऱ्या वित्त कंपन्यांना; आपल्या सहकारी बँकांना नाही. सौरऊर्जेला तो पैसा चालतो, तंबाखू उद्योगाला नाही. म्हणजे विडीवालीनं तिथे हरित ठेव ठेवली, तरी तिच्या कारखान्याला त्यातून कर्ज नाही. अहवालात हरित ठेवीचं नाव आलं, तर हे सोप्या मराठीत लिहाच.

अनुवादवाली: मथळा दिला होता: 'मोबाइलवरच्या बँकेचा कारभार, पुढच्यांना पुरेल असा'. आज बँकेकडून परत आला. 'शाश्वत' पाहिजेच म्हणतात. कारभार आणि गोषवारा राहिले.